समुद्र मागे सरलेले बंदर : सोपाऱ्याच्या यात्रेचा एक बेत

१/
सम्राट अशोकाच्या चौदा प्रमुख शिलालेखांपैकी सोपारा परिसरात आजवर दोनच लेखांचे तुकडे हाती लागले आहेत : आठव्या लेखाचा आणि नवव्या लेखाचा. राजाने प्रवासाला कशासाठी निघावे, हा आठव्या लेखाचा विषय. लोक कोणकोणत्या प्रसंगी मंगलविधी करतात, हे नवव्या लेखात येते आणि त्यात प्रवासाला निघण्याचा प्रसंगही आहे. एका प्राचीन बंदरातून उरलेल्या या दोन्ही तुकड्यांनी प्रवासाचीच गोष्ट काढावी, हा निव्वळ योगायोग. तरीही सोपाऱ्याला जाण्याचा बेत आखणाऱ्याला याहून चांगली प्रस्तावना मिळणे कठीण.

२/
हा धागा अशाच एका बेताचा आहे. बेत आखणारे दोघे. ती उल्हासनगरची, कॅम्प नंबर चारमध्ये वाढलेली. तो अंबरनाथचा. बदलापूरहून सुटणाऱ्या एकाच लोकलमध्ये दोघांची महाविद्यालयाची वर्षे गेली आणि इतिहासावरचे वाद त्याच डब्यांच्या दारांत रंगले. एका रात्री तिने त्याला मेक्सिकोतील तुलूमची छायाचित्रे पाठवली. कॅरिबियन समुद्रावरचा कडा, कड्यावर माया लोकांचे तटबंदीचे नगर आणि खाली निळे पाणी. सोबत एवढाच प्रश्न : "आपल्या किनाऱ्यावर असं काय आहे?"

३/
घारापुरीचे नाव प्रथम येणे स्वाभाविक होते. बोटीचा प्रवास, डोंगरात कोरलेली लेणी, डोळे मिटलेली भव्य शिवमूर्ती : एका दिवसात डोळ्यांचे पारणे फिटावे असे ते स्थळ. त्याने मात्र उत्तरात एकच शब्द लिहिला : "सोपारा." तिने शोधून पाहिले. पडद्यावर आले ते विटांचे एक गोलसर उंचवटा झालेले बांधकाम, भोवती झाडे आणि पलीकडे वस्ती. समुद्र कुठेच नाही. तुलूमच्या पायथ्याशी समुद्र आजही लाटा आणतो. सोपाऱ्याच्या बंदरापासून तो काही किलोमीटर पश्चिमेला सरकला आहे. ज्या बंदरात पाणीच उरले नाही, तिथे पाहायचे काय? बेताची खरी सुरुवात या प्रश्नापासून झाली.

४/
आधी नावे पाहू. महाभारतात पांडव तीर्थयात्रेत जेथे येतात ते शूर्पारक, पाली ग्रंथांतील सुप्पारक, ग्रीक प्रवासवर्णनातील सुप्पारा आणि अरब लेखकांचे सुबारा : ही सारी एकाच ठिकाणाची नावे. सिंहलद्वीपाच्या महावंसात राजपुत्र विजय लंकेला पोहोचण्यापूर्वी सुप्पारकाला लागतो. बौद्ध कथांमधील पूर्ण हा व्यापारी येथलाच. सागरी व्यापार सोडून तो भिक्षू झाला. आज हे नाव पश्चिम रेल्वेच्या फलाटावर 'नालासोपारा' म्हणून वाचायला मिळते. गर्दीच्या वेळी या स्थानकावर उतरणाऱ्या हजारोंपैकी फार थोड्यांना ते दोन हजार वर्षांहून जुने नाव उच्चारत असल्याची जाणीव असते.

५/
आता तो विटांचा उंचवटा. गावकरी त्याला 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. तो कोट नसून स्तूप आहे, हे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी एप्रिल १८८२मध्ये केलेल्या उत्खननात सिद्ध झाले. स्तूपाच्या मध्यभागी विटांची एक कोठी होती आणि तिच्यात मोठी गोलाकार दगडी पेटी. झाकण उघडल्यावर मधोमध तांब्याचा करंडक आणि त्याच्या भोवती वर्तुळात मांडलेल्या आठ धातुमूर्ती दिसल्या : सात मानुषी बुद्ध आणि आठवा, भविष्यात येणारा मैत्रेय.

६/
तांब्याच्या करंडकात चांदीचा करंडक, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याच्या बारीक खापऱ्या होत्या. त्या बुद्धाच्या भिक्षापात्राच्या असल्याच्या श्रद्धेने जपल्या गेल्या असाव्यात, असे भगवानलालांचे मत होते. सोन्याची फुले होती आणि सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचे चांदीचे नाणेही होते. हे नाणे दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धाकडे बोट दाखवते. आठ मूर्ती मात्र शैलीवरून आठव्या-नवव्या शतकाच्या सुमारास येतात. म्हणजे कित्येक शतकांनंतर कुणीतरी ती पेटी पुन्हा उघडली, मूर्ती मांडल्या आणि श्रद्धेने पुन्हा मिटली. सोपाऱ्याची पूजा एका पिढीची नव्हती.

७/
येथे बेतातली पहिली अडचण समोर आली. हे करंडक, या मूर्ती आणि ती फुले सोपाऱ्यात नाहीत. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहेत. अशोकाच्या लेखांचे तुकडे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. स्तूप एका ठिकाणी, त्याचे अंतःकरण दुसरीकडे आणि त्याची वाणी तिसरीकडे. "मग सोपाऱ्याला जायचं म्हणजे फोर्टात जायचं," ती म्हणाली. थट्टेने म्हटलेले हे वाक्य पुढे बेताचा कणा ठरले.

८/
आठव्या लेखाचा तुकडा त्याच १८८२ साली भगवानलालांच्या हाती आला. भगवानलाल मूळचे जुनागढचे. त्यांच्या गावाजवळच गिरनारच्या पायथ्याशी अशोकाचे चौदाही लेख एका प्रचंड शिळेवर कोरलेले आहेत. त्या अक्षरांच्या ओढीनेच ते तरुणपणी पुराभिलेखांच्या अभ्यासाकडे वळले. पुढे मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे सहकारी म्हणून त्यांनी लेण्या-लेण्यांतून लेख उतरवले. सोपाऱ्याच्या फुटक्या दगडावर शब्द थोडेच उरले होते. पण जो संपूर्ण मजकूर गिरनारमुळे परिचित होता, त्याचा तुकडा ओळखायला तेवढे शब्द पुरले.

९/
नवव्या लेखाचा तुकडा १९५६मध्ये भुईगाव या किनाऱ्यालगतच्या गावी मिळाला. आठवा आणि नववा लेख येथे होता, त्याअर्थी चौदा लेखांची मालिकाच सोपाऱ्यात कोरलेली असावी, हे अनुमान यावरून बळकट होते. बाकीचे लेख कुठे गेले असतील? कोकणात घडीव दगड सहसा वाया जात नाही. तो विहिरीच्या काठाला लागतो, घराच्या जोत्यात बसतो, बांधात जातो. प्राचीन नगरे सैन्यांनी उद्ध्वस्त केली, असे सांगणे सोपे असते. पुष्कळदा ती पुढच्या पिढ्यांच्या घरबांधणीत हळूहळू विरून जातात.

१०/
आता त्या आठव्या लेखाचा आशय. पूर्वीचे राजे विहारयात्रांना निघत. शिकार आणि तत्सम करमणूक हा त्यांचा हेतू असे. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर, म्हणजे साधारण इ.स.पू. २६०च्या सुमारास, अशोक संबोधीला म्हणजे बोधगयेला गेला आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाल्या. या यात्रांत काय होई, हेही लेख सांगतो : श्रमण-ब्राह्मणांची भेट आणि त्यांना दान, वृद्धांची भेट आणि त्यांना द्रव्यसाहाय्य, जनपदातील लोकांची भेट, त्यांना धर्माचा उपदेश आणि त्यांच्याशी धर्माविषयी प्रश्नोत्तरे. दगडधोंडे, देखावे, इमारती यांचा त्यात उल्लेखच नाही. राजाने माणसांकडे जावे, एवढाच त्याचा रोख.

११/
या लेखावरून दोघांत पहिला खरा वाद झाला. तिने दिवसाची आखणी केली होती : सकाळी स्तूप, दुपारी वसईचा किल्ला, संध्याकाळी समुद्र आणि वाटेत भरपूर छायाचित्रे. तो बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "आमच्या घरी सोपारा 'पाहायला' कुणी जात नाही. वंदनेला जातात." त्याची आई बुद्धपौर्णिमेला पांढरी साडी नेसून त्या विटांपुढे मेणबत्ती लावून आली आहे. ज्या उंचवट्याला तिने 'यात पाहायचे काय' म्हटले होते, त्याच्यापुढे त्याच्या घरातील माणसे डोळे मिटून उभी राहतात.

१२/
तिच्याकडेही उत्तर होते आणि तेही कडवटच होते. "तुझं ठीक आहे. तुझं अंबरनाथ आहे, तुझा सोपारा आहे. माझं इथे काय आहे? आमचा इतिहास कॅम्पपासून सुरू होतो." उल्हासनगरच्या अनेक घरांत हे वाक्य या ना त्या रूपात उच्चारले जाते. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी उभारलेल्या कल्याणजवळच्या छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे वसवण्यात आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीला शहर म्हणून 'उल्हासनगर' हे नाव मिळाले. नाव नदीवरून आले, तरी पत्त्यात 'कॅम्प' हा शब्द आजही टिकून आहे.

१३/
तिच्या वाक्याचे उत्तर त्याच्याजवळ नव्हते. एका जुन्या ग्रीक पुस्तकात होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात, इजिप्तमधून व्यापार करणाऱ्या एका अनामिक ग्रीकभाषक लेखकाने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची वर्णनपर नोंद केली. 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' या नावाने ती प्रसिद्ध आहे. भारताच्या किनाऱ्यावर तिचा लेखक प्रथम सिंधू नदीच्या मुखाशी येतो. नदीला सात मुखे असून त्यांपैकी मधलेच नौकानयनाला योग्य आहे आणि त्यावर बार्बरिकॉन नावाचे बंदर आहे, असे तो सांगतो. तेथून तो दक्षिणेकडे सरकतो : बारिगाझा म्हणजे भडोच, मग सुप्पारा म्हणजे सोपारा, मग कल्लिएना म्हणजे कल्याण.

१४/
सिंधूचे मुख, सोपारा, कल्याण : नोंदीतील या तीन नावांवर तिचे बोट बराच वेळ फिरत राहिले. सिंधमधून निघून कल्याणला पोहोचण्याचा मार्ग १९४७-४८मध्ये प्रथम आखला गेला नव्हता. निर्वासितांच्या जहाजांनी त्या वर्षांत जो किनारा उजाडताना पाहिला, तो जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वी व्यापाऱ्यांच्या माहितीचा होता. कल्याणविषयी पेरिप्लसमध्ये आणखी एक नोंद आहे. पूर्वी येथे विधिवत व्यापार चाले. पुढे सत्ता बदलली, बंदरावर निर्बंध आले आणि तेथे लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाण्याची भीती उत्पन्न झाली. सत्ता बदलली की बंदरे मिटतात आणि माणसे दुसऱ्या किनाऱ्याला लागतात, हे कराची सोडून आलेल्या घराला समजावून सांगावे लागत नाही.

१५/
तिच्या घरात त्या प्रवासाची एक साक्षीदार अजून आहे. तिची दादी १९४८च्या आरंभी कराचीहून बोटीने मुंबईला आली, तेव्हा सात वर्षांची होती. घरात हा विषय फारसा निघत नसे. नातीने या बेताच्या निमित्ताने प्रथमच विचारले : बोट किती दिवस चालली, काय खाल्ले, किनारा दिसला तेव्हा मोठी माणसे काय म्हणाली. दादीने उत्तरे दिली, काही सिंधीत, काही हिंदीत, काही नुसत्या हातांनी. नातीने ती वहीत उतरवली. वृद्धांची भेट आणि प्रश्नोत्तरे, ही आठव्या लेखातील दोन कलमे अशी सोपाऱ्याला पोहोचण्यापूर्वीच, कॅम्प नंबर चारमधल्या स्वयंपाकघरात पार पडली.

१६/
अंबरनाथच्या वाट्याला काय येते? वालधुनी नदीकाठचे शिवमंदिर. भूमिज शैलीतील या मंदिरात सभामंडपातून पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जावे लागते. येथील लेखात शके ९८२ (इ.स. १०६०) हे वर्ष आणि उत्तर कोकणच्या शिलाहार वंशातील माम्वाणि ऊर्फ मुम्मुणि राजाचे नाव येते. याच वंशातील अनंतदेवाने शके १०१६ (इ.स. १०९४) मध्ये दिलेला खारेपाटणचा ताम्रपट आहे. त्यात एका अमात्याला आणि त्याच्या भावाला श्रीस्थानक, नागपूर, शूर्पारक आणि चेमुली या बंदरांतील जकात माफ केलेली आहे. श्रीस्थानक म्हणजे ठाणे आणि चेमुली म्हणजे चौल. यातील नागपूर अर्थातच कोकण किनाऱ्यावरचे. शूर्पारक म्हणजे सोपारा.

१७/
ही तारीख नीट पाहावी. अंबरनाथचा लेख कोरला गेल्यानंतर ३४ वर्षांनीही सोपारा जकात भरणारे बंदर आहे. वा. वि. मिराशी यांनी १९७७मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात शिलाहारांचे लेख एकत्र संपादित केले आहेत. ते सलग वाचताना एक गोष्ट उलगडते : या राज्याची भरभराट मोठ्या प्रमाणात बंदरांवर अवलंबून होती. अंबरनाथच्या भिंतींवरील अप्सरा आणि देवता ज्या समृद्धीतून उभ्या राहिल्या, तिचे धागे समुद्राला जाऊन मिळतात. अंबरनाथ किनाऱ्यापासून दूर वाटते, कारण आज आपण अंतर लोकलच्या स्थानकांनी मोजतो. त्या काळी ते नदीने आणि खाडीने मोजले जाई.

१८/
आणि नदी तर बदलापूरहूनच येते. बोरघाटाच्या परिसरातून उतरलेली उल्हास कर्जत, नेरळ, बदलापूर करीत कल्याणच्या खाडीत उतरते. अंबरनाथचे मंदिर आणि उल्हासनगरची वस्ती ओलांडून वालधुनीही तिलाच मिळते. पुढे ठाण्याजवळून वळसा घेऊन मुख्य प्रवाह वसईच्या खाडीतून समुद्राला भेटतो. तिन्ही गावांचे पाणी अशा रीतीने सोपाऱ्याच्या दक्षिणेला, वसईच्या किल्ल्याच्या पायाशी येऊन पोहोचते. कारखान्यांचे आणि वस्त्यांचे सांडपाणी वाहणारी आजची वालधुनी पाहून हे पटणे अवघड जाते. पण प्रवाहाची दिशा तीच आहे.

१९/
बंदर का संपले, याचेही उत्तर नदी देते. २७ जुलै २०१९ रोजी उल्हासच्या पुराने बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेसला वेढले आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले. पूर ओसरल्यावर घराघरांत उरला तो चिखल. असे पूर दर शतकात कितीतरी आले असतील. उत्तरेला वैतरणा आणि दक्षिणेला उल्हास, या दोन नद्यांचा गाळ आणि भरतीने आत लोटलेली वाळू यांनी सोपाऱ्याची खाडी भरत गेली. मोठी जहाजे आत येईनाशी झाली आणि व्यापार ठाणे, चौल, वसई अशा ठिकाणी सरकला. एक बंदर मावळायला एखादा शत्रूच लागतो असे नाही. पुरेसा चिखल आणि पुरेशी वर्षेही पुरतात.

२०/
सोपाऱ्याविषयी उरलेले बरेचसे पुरावे घाटावर आणि डोंगरांत आहेत. नहपान राजाचा जावई उषवदात नाशिकच्या लेण्यातील लेखात भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे धर्मशाळा बांधल्याचे नोंदवतो. कार्ल्याच्या चैत्यगृहात सोपाऱ्याहून आलेल्या एका भिक्षूने स्तंभ दान केला, तो लेख त्या स्तंभावरच आहे. कान्हेरीत कल्याणच्या व्यापाऱ्यांची दाने कोरलेली आहेत. ही माणसे बंदरातला पैसा घेऊन घाट चढत आणि वाटेवरच्या डोंगरात आपले गाव कोरून ठेवत. त्यांची गावे गाळाखाली आणि वस्तीखाली गेली. नावे मात्र डोंगराने जपली.

२१/
एवढे समजल्यावर एका दिवसाचा बेत पुरेसा नाही, हे दोघांनीही मान्य केले. नवा बेत चार टप्प्यांचा ठरला.
पहिला : अंबरनाथचे मंदिर. तो तिला लेखाची जागा दाखवणार.
दुसरा : बदलापूरचा नदीकाठ आणि कल्याणची खाडी. पाणी कुठून येते आणि कुठे जाते, हे पायी चालून पाहायचे.
तिसरा : मुंबई. वस्तुसंग्रहालयातील अशोकाचे तुकडे आणि एशियाटिक सोसायटी. तेथील वस्तू सदैव मांडलेल्या असतील असे गृहीत न धरता आधी चौकशी करायची.
चौथा आणि शेवटचा : सोपारा.
आधी स्थळ पाहून मग संग्रहालयात गेले, की वस्तू सुट्या सुट्या वाटतात. उलट क्रमाने गेले, तर त्या विटांच्या मधोमध नेमके काय होते, हे ठाऊक असलेल्या डोळ्यांनी स्तूप पाहता येतो.

२२/
शेवटच्या दिवसाची वाट निवडतानाही थोडी चर्चा झाली. दादरला उतरून पश्चिम रेल्वेची विरार लोकल पकडणे सोपे, गाड्याही भरपूर. तरी त्यांनी दिवा-वसई मार्ग निवडला. या मार्गावर गाड्या थोड्या आहेत, म्हणून वेळापत्रक आदल्या दिवशी पाहून दिव्याला थांबणारी लोकल धरावी लागते. पण कोपर सोडल्यावर ही गाडी उल्हासची खाडी ओलांडते. मग भिवंडी, कामण, जूचंद्र करीत वसई रोडला पोहोचते. तेथून नालासोपारा हे विरारच्या दिशेचे पुढचेच स्थानक. पश्चिमेला बाहेर पडून रिक्षाने सोपारे गाव. बदलापूरला पाहिलेले पाणी पुन्हा एकदा खिडकीतून पाहत जाणारी ही वाट आहे.

२३/
स्तूपापाशी कसे वागायचे, हेही आधीच ठरले. विटांवर चढायचे नाही. खापरीचा तुकडाही उचलायचा नाही. संरक्षित स्मारकाबाबतचा १९५८चा कायदा आहेच, पण कायदा नसता तरी सोपाऱ्याचे जे काही गेले ते असेच एकेका तुकड्याने गेले आहे. कुणी वंदना करीत असेल, तर ती संपेपर्यंत कॅमेरा बाहेर काढायचा नाही. आणि गावातल्या किमान दोन वयस्क माणसांशी बोलायचे : तळे पूर्वी केवढे होते, विहीर खणताना काय लागे, 'बुरुड राजाची' गोष्ट त्यांनी कशी ऐकली. छायाचित्रे घ्यायला दोघांचीही हरकत नाही. फक्त ती शेवटी.

२४/
नवव्या लेखाची आठवण निघण्याच्या तयारीत झाली. आजारपण, मुलामुलींची लग्ने, अपत्यजन्म, प्रवास अशा प्रसंगी लोक नाना विधी करतात, असे सांगून अशोक त्यांच्यापुढे वेगळे मंगल ठेवतो : दास-सेवकांशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर, प्राण्यांविषयी संयम आणि दान. ते विधी मात्र थांबले नाहीत. अंबरनाथच्या घरी आई निघताना हातावर दही-साखर ठेवणार, हे ठरलेले. उल्हासनगरच्या घरी दादीने मूठभर तांदूळ आणि साखर एका रुमालात बांधली. सिंधी घरांत हे पाण्याला, दरियाशाहाला अर्पण करतात.

२५/
ते पाण्यात सोडण्याचे काम दादीने नातीवर सोपवले नाही. ती स्वतः येणार म्हणाली. पंच्याऐंशीच्या घरातील बाईला दिव्याचा पूल चढवणे कसे जमावे, यावर दोन्ही घरांत बरीच चर्चा झाली. अखेर रविवारी सकाळची कमी गर्दीची लोकल, जिन्याशी थांबायला मुलाचा एक मामा आणि नालासोपाऱ्याहून दिवसभराची रिक्षा, अशी व्यवस्था लागली. दादीने एकच विचारले, "तिथे समुद्र दिसेल ना?" स्तूपापासून दिसत नाही, हे त्याने प्रामाणिकपणे सांगितले. म्हणून आता बेतात एक ओळ वाढली आहे : स्तूपानंतर रिक्षा तशीच पुढे पश्चिमेला न्यायची, राजोडीच्या किनाऱ्यापर्यंत, आणि ऊन उतरेपर्यंत थांबायचे.